स्टेकला मराठी शब्द का नाही?

अनुवादाच्या तासाला एक अडचण हमखास येते. अमेरिकन कथेतला कोणी एक इसम संध्याकाळी कामावरून परततो, तापल्या तव्यावर स्टेक टाकतो, शेजारच्या चुलीवर चार बटाटे उकडतो आणि अर्ध्या तासात जेवून मोकळा होतो. विद्यार्थी लिहितात, ‘त्याने मांसाचा तुकडा भाजला.’ वाक्य चुकीचे म्हणता येत नाही. पण मूळ प्रसंगात थकलेल्या माणसाचे रोजचे, बिनमहत्त्वाचे जेवण होते आणि मराठीत आल्याबरोबर त्याला शिकारीचा वास येऊ लागतो. बटाट्याची काहीच अडचण नाही. तो पोर्तुगीजांकडून आपल्या नावासकट आला आणि उपासाच्या ताटापर्यंत पोहोचला. स्टेकला मात्र शब्द सापडत नाही.

शब्द नाही याचे सोपे उत्तर ‘आपल्याकडे गोमांस निषिद्ध’ असे दिले जाते. हे उत्तर अर्धवट आहे, कारण ज्यांना ते निषिद्ध नव्हते त्यांच्याही बोलीत स्टेक नाही. इंग्रजीत हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला आणि मुळात त्याचा संबंध काठीला टोचून भाजण्याशी होता. म्हणजे शब्द जुना आहे; पण आज ज्या जेवणाला आपण झटपट म्हणतो त्याची पूर्वतयारी फार लांबची आहे. तव्यावर दर बाजूला तीन-चार मिनिटांत मांस खाण्याजोगे व्हायचे तर ते पाठीच्या, कमी राबणाऱ्या स्नायूचे हवे. जनावर तरुण आणि पोसलेले हवे. कापल्यानंतर ते काही दिवस थंडीत टांगून मुरवलेले हवे. राबलेल्या, वयस्क जनावराच्या स्नायूत जोडऊतींचे जाळे घट्ट झालेले असते. ते तीन मिनिटांत सुटत नाही, त्याला मंद आचेवर तासन् तास लागतात. तेव्हा स्टेक ही पाककृती कमी आणि शेतीव्यवस्था अधिक आहे. केवळ खाण्यासाठी वाढवलेले जनावर, त्यासाठी राखलेले कुरण, १८६५ मध्ये उघडलेले शिकागोचे गुरांचे गोठे आणि त्यानंतरच्या काळातील शीतगृहाचे रेल्वेडबे, हे सगळे त्या अर्ध्या तासाच्या पोटात दडलेले आहे.

आता हाच प्रश्न भंडारा जिल्ह्यात नेऊन पाहावा. हा धानाचा मुलूख. पाऊस १२०० मिलिमीटरहून अधिक, कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव आणि त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या. चिखलणीच्या दिवसांत बैल गुडघाभर गाळात उभा असतो. या जिल्ह्यात गाय-बैल म्हणजे खाद्य नव्हे, आणि बहुसंख्यांसाठी केवळ श्रद्धाही नव्हे. ते रोवणीचे यंत्र होते. ते यंत्र मोडेपर्यंत चालवायचे असे. म्हाताऱ्या, झिजलेल्या बैलाच्या अंगातून स्टेक निघत नाही, हे सांगायला पाकशास्त्र नको.

साहेबालाही ते कळले होते. १८२१ मध्ये कामठीला छावणी पडली, पुढे बंगाल-नागपूर रेल्वे भंडाऱ्याजवळून गेली, तरी आडमार्गाच्या डाकबंगल्यात उतरणाऱ्या अधिकाऱ्याच्या ताटात जे पडे ते गोमांस नसून कोंबडी असे. प्रवासी अंगणात शिरताना ती पकडली जाई आणि तो स्नान करून, कपडे बदलून येईपर्यंत टेबलावर हजर होई. ‘हॉबसन-जॉबसन’ या १८८६ च्या कोशात या पदार्थाचे प्रचलित टोपणनाव नोंदलेले आहे. त्याचा अर्थ ‘अकस्मात मृत्यू’. वसाहतकाळातील झटपट जेवणाचा हा नमुना. त्यातला विनोद खाणाऱ्याचा आहे. खानसाम्याची धावपळ कोशाने नोंदवली नाही.

पण गावच्या बैलाचे पुढे काय होई? तो मेला की ओढून नेण्याचे काम महारवाड्याकडे येई आणि मांसही तिकडेच जाई. मेलेले जनावर वेळ सांगून मरत नाही. एका दिवशी मणभर मांस आणि मग महिनोन् महिने काही नाही. म्हणून त्यातले थोडे त्या रात्री शिजे आणि उरलेल्याच्या लांब, पातळ पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळवल्या जात. मराठवाड्यात त्यांना चान्या म्हणतात. वाळलेली चानी मडक्यात राही आणि घरात दुसरे काही नसेल त्या संध्याकाळी निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खाल्ली जाई. आपल्या शब्दकोशांनी स्टेकसाठी शब्द शोधला नाही. पण मांसाचा पातळ तुकडा, सरळ विस्तव, काही मिनिटे आणि बाजूला एक साधी गोष्ट, या वर्णनाला उतरणारे जेवण मराठीत होते. ज्याच्या घरात ते होते त्याला कोणी कोशकार विचारायला गेला नाही, एवढेच. मात्र इथे एक फरक ठळकपणे नोंदवला पाहिजे. स्टेकचा तुकडा लवकर शिजतो, कारण त्या जनावराने कधी नांगर ओढला नाही. चानी लवकर भाजते, कारण आयुष्यभर नांगर ओढलेल्या जनावराचे चिवट मांस कोणा बाईने बारीक चिरून आधीच उन्हाच्या हवाली केले आहे. पहिल्यात वेळ भांडवलाने वाचतो, दुसऱ्यात श्रमाने.

या चानीकडे आपली समीक्षा कशी पाहते? दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या पुस्तकांवर लिहिताना मेलेल्या जनावराच्या मांसाचा प्रसंग आला की आपण तो अवमानाचा पुरावा म्हणून उद्धृत करतो आणि पुढे सरकतो. अवमान होताच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले ते याच कारणाने. आणि १९४८ च्या अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षणाला अस्पृश्यतेच्या मुळाशी ठेवले. महाडनंतर गावोगाव लोकांनी ढोरे ओढणे थांबवले, मांस नाकारले. हा नकार पोटाला चिमटा घेऊन दिलेला होता, कारण पर्यायी अन्न कोणी आणून दिले नव्हते. १९५४ मध्ये बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता. दोनच वर्षांनी नागपूरला धर्मांतर झाले आणि विदर्भातल्या कितीतरी घरांत जुन्या खाण्याची आठवणही नकोशी झाली. ती विसरण्याचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे.

तरीही शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (२०१५) या पुस्तकाने आपल्याला एका अवघड जागी आणून उभे केले आहे. त्यांनी मराठवाड्यातील महार-मांग घरांचे खाणे कृतीसह, चवीसह लिहिले. लाज नाही आणि गौरवगानही नाही. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये पाठारे प्रभूंच्या सामिष स्वयंपाकाला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली, चानीला तेवढ्यासाठी आणखी शंभर वर्षे थांबावे लागले. आंबेडकरांचा नकार आणि पाटोळे यांची नोंद यांत काही जण विरोध पाहतात. मला तो दिसत नाही. ज्याला नाकारण्याची ताकद आली, त्यालाच पुढे त्याची चव मोकळेपणाने सांगता आली.

ताटातल्या दुसऱ्या पदार्थाविषयीही थोडे. धान कापणीला येण्याआधी ओल्या बांधीतच लाखोळी फेकायची आणि नांगरट न करता दुसरे पीक घ्यायचे, ही उतेऱ्याची पद्धत भंडाऱ्याकडे जुनी आहे. लाखोळीची डाळ, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी हे गरिबाचे जोडखाणे. दुष्काळात महिनोन् महिने केवळ हीच डाळ खाल्ली तर पाय लुळे पडतात, या कारणाने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तीविरुद्ध नागपूरचे शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षे झगडले. बंदी विकण्यावर होती. बांधीत लाखोळी उगवतच राहिली.

मांसाच्या बाबतीत कायदा त्याहूनही जुना आहे, हे बहुधा विसरले जाते. २०१५ ची चर्चा ऐकताना बैलावर पहिल्यांदाच कायद्याची नजर गेली असे वाटते. प्रत्यक्षात भंडारा ज्या प्रांतात होता त्या मध्यप्रांत-वऱ्हाडाने १९४९ मध्येच पशुसंरक्षणाचा कायदा केला होता आणि पुढच्या काही वर्षांतील दुरुस्त्यांनी बैलही त्यात आणला. १९५८ मध्ये मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाईवरची बंदी मान्य केली. मात्र काम करण्याजोगा न उरलेल्या बैलावरची सरसकट बंदी टिकू दिली नाही. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने ती भूमिका बदलली. महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा गाईपुरता होता. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मान्यता मिळायला २०१५ उजाडले आणि बैल-वळूंची कत्तल बंद झाली. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. या साऱ्या वादात न्यायालयांसमोरचा मध्यवर्ती प्रश्न एकच होता: काम संपलेल्या बैलाचे काय? तो प्रश्न बांधीतून आला होता, ताटातून नव्हे. आता त्या बांधीत ट्रॅक्टर फिरतो.

राहता राहिला अनुवाद. गेल्या खेपेला एका विद्यार्थिनीने ‘मांसाचा तुकडा’ खोडून ‘चानी’ लिहिले होते. मी ते खोडले, कारण शिकागोच्या माणसाच्या घरात चानी असणे शक्य नाही, आणि तिथे ‘स्टेक’ असेच ठेवायला सांगितले. तिने वहीच्या समासात ‘चानी’ हा शब्द पुन्हा लिहून त्याभोवती चौकट केली. तो खोडावा असे मला वाटले नाही.