लिटल बिगहॉर्नची लढाई

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा सातवा घोडदळ रिसाला आणि लाकोटा (सू), उत्तर शायान व अरापाहो हे मूलनिवासी यांच्यात, तत्कालीन माँटॅना प्रदेशातील लिटल बिगहॉर्न नदीकाठी २५ व २६ जून १८७६ रोजी झालेली लढाई. तीत मूलनिवासींचा निर्विवाद जय झाला. परंतु ज्या भूमीसाठी ते लढले, ती वर्षही न उलटता कायद्याने त्यांच्या हातून काढून घेतली गेली.

कारणे : १८६८ च्या फोर्ट लॅरमी तहान्वये मिसूरी नदीच्या पश्चिमेचा विस्तीर्ण मुलूख, लाकोटांना पवित्र असलेल्या ब्लॅक हिल्स डोंगरांसह, सू लोकांच्या निर्वेध वहिवाटीसाठी राखून ठेवला होता आणि तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्यांवाचून त्यातील कोणताही भाग देऊन टाकता येणार नाही, असे स्पष्ट कलम त्यात होते. १८७४ मध्ये जॉर्ज आर्मस्ट्राँग कस्टर याच्या मोहिमेने तेथे सोने असल्याची वार्ता आणताच खाणकऱ्यांची रीघ लागली. खरेदीची बोलणी फिसकटल्यावर, ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सर्व टोळ्यांनी सरकारी ठाण्यांवर हजर व्हावे, असा हुकूम सुटला. ऐन हिवाळ्यात दूरवर विखुरलेल्या टोळ्यांना तो पाळणे दुष्कर असताही, मुदत टळताच त्यांना शत्रू ठरवून फौजा रवाना करण्यात आल्या.

वृत्तांत : १७ जून रोजी रोझबड ओढ्याकाठी लाकोटा नेता क्रेझी हॉर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी यांपैकी जनरल क्रुकची फौज अडवून धरली. २५ जून रोजी नदीकाठच्या मूलनिवासींच्या विशाल तळाच्या बळाचा अदमास न घेता कस्टरने आपला रिसाला विभागला. त्यातील मेजर रीनोच्या तुकडीचा हल्ला परतवला गेला आणि स्वतः कस्टर पाच तुकड्यांतील सुमारे २१० जणांसह वेढला जाऊन मारला गेला.

परिणाम : स्वातंत्र्याच्या शताब्दीचा उत्सव चालू असतानाच ही वार्ता पूर्वेकडे पोहोचली आणि प्रक्षुब्ध सरकारने लष्करी दडपण वाढविले. लाकोटांचा प्रमुख सीटिंग बुल याने कॅनडात आश्रय घेतला. मे १८७७ मध्ये शरण आलेला क्रेझी हॉर्स त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अटकेच्या झटापटीत मारला गेला. तत्पूर्वीच, फेब्रुवारी १८७७ च्या कायद्याने, तहात सांगितलेल्या सह्यांच्या पुष्कळच कमी सह्यांवर, ब्लॅक हिल्स सरकारजमा झाले होते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अपहाराबद्दल व्याजासह दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मान्य केली. परंतु ती स्वीकारणे म्हणजे डोंगर विकल्याचे कबूल करणे होय, अशा धारणेने सू लोकांनी ती नाकारली.