माळव्यातील मराठी घर आणि विनोदी मालिका

बृहन्महाराष्ट्रातील मराठी जीवनाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम सभा, ग्रंथालये, गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांकडे वळते, आणि ते योग्यच आहे. इंदूरपुरते बोलावयाचे तर या संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका अभ्यासकाच्या हाताशी असतात व त्यांवर त्यास विसंबता येते. परंतु गेल्या चाळीस वर्षांत ज्या एका गोष्टीने मराठी घराची संध्याकाळ व्यापून टाकली, तिची दखल या कागदपत्रांत क्वचितच घेतलेली आढळते. ती गोष्ट म्हणजे दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका. आपण कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या भाषेत हसलो, हा प्रश्न साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत क्षुल्लक ठरू नये, अशी प्रस्तुत लेखकाची समजूत आहे.

आरंभ चिमणरावापासून करावा लागतो. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चि. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली 'चिमणराव' ही मालिका तेथून प्रक्षेपित होऊ लागली. १९४० च्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटाने चिमणरावास एकदा पडद्यावर आणलेच होते. परंतु दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ यांनी त्या जोडीस जे रूप दिले, तेच पुढे लोकांच्या मनात कायम झाले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चि. वि. जोशी यांनी आयुष्याचा मोठा काळ बडोद्यास काढला. तेथे पाली भाषेचे अध्यापन केले आणि पुढे बडोदे संस्थानचे दप्तर सांभाळले. म्हणजे ज्या विनोदास आपण मध्यमवर्गीय मराठी घराचा अस्सल नमुना मानतो, त्याचा कर्ता आपल्यासारखाच संस्थानी मुलखातला, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी लिहिणारा होता.

असे असूनही बृहन्महाराष्ट्रातील या लेखकाची मालिका बृहन्महाराष्ट्रात दिसली नाही. तिच्या प्रक्षेपणाची धाव मुंबई, पुणे आणि भोवतालच्या प्रदेशापलीकडे नव्हती. माझ्या बालपणी पुण्याहून सुटीत येणारी आतेभावंडे गुंड्याभाऊच्या दंडुक्याचे आणि चिमणरावाच्या फजितीचे वर्णन करीत आणि आम्ही इंदूरची मुले ते एखाद्या परदेशच्या प्रवासवर्णनासारखे ऐकत असू. पुस्तके घरात होती. पण हलणारे, बोलणारे चिमणराव आमच्या वाट्यास आले नाहीत.

आमच्या वाट्यास दिल्ली आली. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम रंगांत दिसू लागला आणि पुढील दोन वर्षांत लहान शक्तीच्या प्रक्षेपकांचे जाळे देशभर झपाट्याने पसरले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली आणि त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी'. ही दुसरी मालिका शुक्रवारी रात्री लागे. रणजित वर्मा, त्याची पत्नी रेणू आणि तिचा बेकार भाऊ राजा एवढेच त्या घरातले बिऱ्हाड. आणि सतीश शाह दर भागात निराळ्याच सोंगात येऊन त्या घराची घडी विस्कटून टाकीत. कथानक म्हणावे असे पुढे सरकत नसे. घर तेच, माणसे तीच, अडचण मात्र दर आठवड्यास नवी. प्रसंगनिष्ठ विनोदाचा हा साचा आपल्याला नवा वाटला, तरी चिमणरावाच्या कथांचा घाट याहून फारसा निराळा नाही, हे त्या कथा एकापाठोपाठ एक वाचणाऱ्यास सहज कळून येते.

या मालिकेचे आरंभीचे लेखन शरद जोशी यांचे. आडनावावरून आणि नावावरून आपल्याकडे पुष्कळांचा घोटाळा होतो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ते हे नव्हेत. हे हिंदीतील व्यंग्यलेखक. जन्म १९३१ मध्ये उज्जैनीत, शिक्षण इंदूरच्या होळकर महाविद्यालयात, आणि आरंभीचे व्यंग्यलेखन इंदूरच्या 'नई दुनिया' दैनिकातून. माळव्याच्या गप्पांत जो एक आळसावलेला, पण नेमका टोमणा मारणारा बोलण्याचा ढंग आहे, तो त्यांच्या गद्यात उतरला आहे. मालिकेतील घर मुंबईचे, परंतु शेजाऱ्याने कारण नसताना डोकवावे, पाहुण्याने उठण्याचे नाव घेऊ नये, ही सगळी रीत राजवाड्याच्या भोवतालच्या गल्ल्यांत वाढलेल्या माणसाच्या चांगल्या परिचयाची होती. आम्ही त्या मालिकेस हसलो ते केवळ हिंदी कळत होते म्हणून नव्हे. ती आमच्याच गावच्या हवेत घडलेल्या लेखणीतून उतरली होती. मात्र त्यावेळी हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते.

आणखी दोन धागे मराठी आहेत. रणजितची भूमिका करणारे शफी इनामदार मूळचे कोकणातील, दापोलीकडचे. आणि या मालिकेचे प्रायोजकत्व पत्करले ते पेंढरकरांच्या विको कंपनीने. तोवर दूरदर्शनचे कार्यक्रम बहुतांशी सरकारी खर्चाने होत. उत्पादकाने निर्मितीचा भार उचलावा आणि मोबदल्यात जाहिरातीचा वेळ घ्यावा, ही पद्धत त्यावेळी नुकतीच रुजत होती. ज्या हिंदी मालिकेने आमच्या घरातील मराठी संध्याकाळ हिरावून घेतली अशी आमच्या वडिलधाऱ्यांची तक्रार असे, तिच्यामागे मराठी दंतमंजनाचा पैसा होता ही गोष्ट त्यांना सांगितली असती तर ते हसले असते की चिडले असते, हे सांगवत नाही.

१९८८ मध्ये आलेल्या 'वागले की दुनिया' विषयी थोडक्यात लिहितो. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला हा कारकून आडनावाने आपल्याकडचा, त्याची राधिका साकारणाऱ्या भारती आचरेकर आपल्या, पण भाषा हिंदी. वागळ्यांचे वागले झाले, ते कोणासही खटकले नाही.

केबलचे युग याच्या पाठोपाठ आले. २ ऑक्टोबर १९९२ रोजी 'झी' ही पहिली खाजगी हिंदी उपग्रह वाहिनी सुरू झाली. गल्लोगल्ली कोणी होतकरू तरुण गच्चीवर तबकडी बसवून खांबांवरून, झाडांवरून तारा ओढू लागला, आणि १९९५ मध्ये या व्यवसायासाठी कायदा करावा लागला. त्या काळच्या तारेतून मोजक्याच वाहिन्या जाऊ शकत. कोणत्या दाखवावयाच्या हे केबलवाला आपल्या वस्तीचा कल पाहून ठरवी. १५ ऑगस्ट १९९९ रोजी 'अल्फा मराठी' सुरू झाल्यावर, जेथे मराठी बिऱ्हाडे दाट तेथे ती लवकर दिसू लागली, आणि जेथे एखाददुसरेच घर तेथे त्या घरास वाट पाहावी लागली. भाषेचा भूगोल तारांवरून इतका स्पष्ट वाचता येण्याची संधी पूर्वी कधी आली नसेल.

त्या वाहिनीवर २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आली. प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर ती आधारलेली. दिग्दर्शक केदार शिंदे. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या आणि शलाका ही पाच माणसे आपापल्या रोजनिशीत घरातील घडामोडी टिपून ठेवतात, आणि एकाच प्रसंगाची निरनिराळी रूपे प्रेक्षकापुढे येतात. विनोदी मालिकांत या मालिकेस मी फार वरचे स्थान देतो. तीत कोणी कोणास अपमानित करीत नाही, वयाचे वा शरीराचे हसे होत नाही, आणि तरीही हसू येते. हे किती कठीण आहे हे अलीकडचे विनोदी कार्यक्रम पाहिले म्हणजे उमजते. इंदूरच्या मराठी घराने प्रभावळकरांना दूरचित्रवाणीवर मनसोक्त पाहिले ते येथे, आबांच्या पिकल्या केसांत. ज्या तरुण चिमणरावास महाराष्ट्राने वीसेक वर्षांपूर्वी डोक्यावर घेतले होते, तो आम्हांला आजोबा होऊन भेटला.

तिकडे हिंदीत एक निराळीच घडामोड झाली. 'श्रीमान श्रीमती' ही १९९४ ची मालिका काढणारे गौतम आणि मार्कंड अधिकारी हे मराठी बंधू. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी स्वतःची वाहिनी उभारली. 'श्री अधिकारी ब्रदर्स' या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव 'सब' पडले, आणि प्रेक्षकांनी त्याचा अर्थ 'सर्व' असा लावून घेतला. २००५ मध्ये ती सोनी कंपनीकडे गेली व पुढे हलक्याफुलक्या कौटुंबिक विनोदाची वाहिनी म्हणून नावारूपास आली. तिच्यावर २००९ मध्ये 'लापतागंज' सुरू झाली, ती शरद जोशी यांच्याच कथांवर. १९९१ मध्ये निवर्तलेला आमच्या माळव्याचा लेखक अशा रीतीने अठरा वर्षांनी पुन्हा घरोघर आला. २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेली 'तारक मेहता का उल्टा चष्मा' तर चार हजार भागांच्या पलीकडे गेली. तीतील आत्माराम तुकाराम भिडे हे मराठी शिक्षक; शिस्तीचे आणि काटकसरीचे भोक्ते, उठल्यासुटल्या आपल्या काळच्या गोष्टी सांगणारे. माझे विद्यार्थी मला पाठीमागे काय म्हणतात, ते यावरून वाचकांनी ताडावे.

आता पुनःप्रक्षेपणाविषयी. वाहिनीचा दिवस चोवीस तासांचा असतो आणि नवी निर्मिती काही थोड्याच तासांपुरती परवडते. उरलेल्या वेळात जुने भाग फिरवावे लागतात. या व्यवहारी गरजेतून एक अनपेक्षित लाभ झाला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा दूरदर्शनने 'देख भाई देख' आणि 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखविल्या. 'श्रीमान श्रीमती'तील जतिन कनाकिया आणि रीमा लागू ही दोघेही तोवर हयात नव्हती; परंतु आमच्या शहरात टाळेबंदीत अडकलेली मुले आपल्या आईबापांच्या तरुणपणच्या विनोदाला हसत बसली होती. एका पिढीचे हसू दुसरीच्या हाती जाण्याचा हा मार्ग ग्रंथालयाहून कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही.

मात्र जे उरले असेल तेच पुन्हा दाखविता येते. दूरदर्शनच्या आरंभकाळी चुंबकीय फिती महाग होत्या. एक कार्यक्रम प्रक्षेपित झाला की त्याच फितीवर दुसरा मुद्रित करीत. या काटकसरीत 'चिमणराव'चे बहुतेक भाग पुसले गेले आणि मोजकेच मागे राहिले. ज्याने हयातीचा मोठा भाग एका संस्थानचे दप्तर जपण्यात घालविला, त्याच्या मानसपुत्राचे दप्तर असे नष्ट व्हावे, याचे मला राहून राहून वाईट वाटते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ती मालिका निदान एकदा पाहिली. आम्ही बाहेरच्यांनी ती तेव्हा पाहिली नाही, आणि आता वाहिन्या शेकड्यांनी असल्या तरी ती पुरती पाहता येणार नाही.

२०१३ मध्ये इंदूरात तारेच्या टोकाशी सेट टॉप बॉक्स बसविणे सक्तीचे झाले आणि वाहिन्यांची टंचाई संपली. परंतु फेब्रुवारी २०१९ पासून नवी दररचना आली; सशुल्क वाहिनी ग्राहकाने नाव घेऊन मागावी, आणि संचात समाविष्ट होणाऱ्या वाहिनीचा दर दरमहा १९ रुपयांहून अधिक नसावा, असे ठरले. केबलवाल्याचा अंदाज गेला आणि निर्णय घराच्या उंबरठ्याच्या आत आला. आजीआजोबा असलेल्या घरांतून मराठी संच आवर्जून घेतला जातो. ती गेल्यावर पुढील नूतनीकरणाच्या वेळी तो सहसा कोणी मागत नाही; असे मी माझ्या ओळखीच्या तीन घरांत तरी पाहिले आहे.

या सर्वांची साधने अद्याप घराघरांत विखुरलेली आहेत. दोन हजार सालच्या सुमारास अनेक घरांत आवडत्या मालिकांचे भाग व्हिडिओ कॅसेटवर टिपून ठेवीत; केबलवाले वाहिन्यांची छापील पत्रके वाटीत; महिन्याच्या पावत्यांवर वस्तीचे नाव असे. आमच्या सभेच्या ग्रंथालयात स्मरणिकांच्या कपाटाशेजारी एक खण रिकामा आहे. ज्या सभासदांच्या माळ्यावर अशा कॅसेट किंवा पत्रके असतील, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईपूर्वी ती तेथे आणून द्यावीत. कॅसेटची फीत बुरशीने चिकटली असली तरी चालेल. ती उलगडून देणारे कारागीर शहरात अजून आहेत.