मांजराचे कान किती तिखट?

लातूर-बार्शी मार्गावरील मुरुडसारख्या बाजारपेठेच्या गावात धान्याची पोती आली की उंदीर आलेच, आणि त्यांच्या मागोमाग मांजरही. अंधारात ही शिकार साधते ती मुख्यतः कानांच्या बळावर. मनुष्याला साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकू येतात. कुत्र्याची वरची मर्यादा सुमारे ४५,००० हर्ट्झ, तर मांजराची सुमारे ८५,००० हर्ट्झ आहे. उंदरांचे परस्परांतील अनेक आवाज मानवी कानाला कळत नाहीत. मांजराच्या टप्प्यात मात्र ते येतात.

मांजराची कर्णपाळी नरसाळ्यासारखी असून ती सुमारे १८० अंशांत वळते. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. एका कानी ध्वनी किंचित आधी व अधिक स्पष्ट पोहोचतो; या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो.

कान मनःस्थितीही सांगतात. टवकारलेले कान कुतूहलाचे, तर मागे चिकटलेले कान भीतीचे वा रागाचे लक्षण असते. अशा वेळी मांजराला उचलू नये.

निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण अधिक आढळते. त्यांना वाहनाची चाहूल लागत नसल्याने रस्त्यावर मोकळे सोडणे धोक्याचे ठरते. मांजर सतत कान खाजवीत असेल, डोके झटकत असेल वा कानात काळपट मळ दिसत असेल, तर तेल किंवा माणसांचे औषध घालू नये, पशुवैद्यकास दाखवावे.