डायलिसिसच्या खोलीतली कावीळ

डायलिसिस हा शब्द आपल्या गटांत आता नवा नाही. कुणाचे सासरे, कुणाचा धाकटा दीर आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला जातो आणि चार-चार तास यंत्राला लागून पडतो. या यंत्राच्या पाठोपाठ रोग कसा आला, ते आज सांगते.

दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्सच्या विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून ते साफ करून दाखवलं. पण दर खेपेला नवी शीर उघडावी लागे, म्हणून कायमच्या रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. १९६० साली अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली, आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली.

त्याच दशकात या खोल्यांत कावीळ शिरली. एका खोलीत बरेच जण, तीच यंत्रं, त्याच नर्स, पलंगाच्या कडेला रक्ताचा एखादा थेंब. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर टिकतो. आणि यातली चमत्कारिक गोष्ट ऐका. किडनीच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती मंद, म्हणून पुष्कळांचे डोळे पिवळेच होत नसत. माणूस हिंडता-फिरता, पण रोग रक्तात मुक्कामाला! धडधाकट नर्स मात्र अंथरुणाला खिळायची. १९६९-७० मध्ये स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात साथ आली, तेव्हा रुग्णांबरोबर रुग्णालयातले कर्मचारीही दगावले. सेवा करणाऱ्यांचं मरण आपण फारसं मोजत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बारूख ब्लुमबर्ग यांच्या शोधामुळे रक्तात हा विषाणू ओळखता येऊ लागला होता. मग १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये नियम सुचवले गेले: सगळ्यांचं रक्त तपासा, बाधितांना वेगळं ठेवा. साथ ओसरली ती अशा शिस्तीनं. लस आली १९८० नंतर.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना सांगितलं, घरात बसा. डायलिसिसवाला कसा बसणार? एसटी बंद. एखादा रुग्ण कोरोनाबाधित निघाला की काही ठिकाणी केंद्रालाच कुलूप. आमच्या भागातल्या एका बाईनं नवऱ्याला दुधाच्या टेम्पोतून नेलं, तेही पासासाठी दोन चकरा मारून.

पुढच्या खेपेला जाल तेव्हा घरच्या माणसाची फाइल उघडून पाहा. हिपॅटायटिस बी च्या लशीच्या तारखा लिहिल्यात का? डायलिसिसच्या रुग्णाला या लशीचा डोस सहसा दुप्पट लागतो. आणि बाधितांसाठी यंत्र वेगळं आहे का, तेही तिथल्या सिस्टरना विचारा.