थरथरीचं निदान

ॲम्बेसेडर-फियाटच्या काळात स्टेअरिंग थरथरलं की आमचे उस्ताद आधी टायरॉडचे जोड हलवून बघायचे. आमच्या शहरातल्या जालना रोडला मी चाकांचं काम सुरू केलं तेव्हा बुडबुड्याचा बॅलन्सर आणि शिशाची वजनं, एवढंच सामान होतं. 2001 मध्ये शहराजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला. 2010 च्या ऑक्टोबरात शहरातल्या मंडळींनी गट करून दीडशे मर्सिडीज घेतल्या. मग कॉम्प्युटर बॅलन्सिंगशिवाय गिऱ्हाईक थांबेना. 2022 मध्ये तशीच एकजूट करून मंडळींनी शंभरावर विजेच्या गाड्या आणल्या.

या गाड्यांना इंजिनाचा आवाज नाही, म्हणून बारीक थरथरही हाताला कळते. मी विचारतो, कधी होते? ऐंशी-शंभरच्या वेगात झाली तर बॅलन्सिंग किंवा वाकडा रिम. ब्रेक दाबल्यावर झाली तर डिस्क; बराचसा वेग मोटरच कमी करते, त्यामुळे डिस्क कमी घासते आणि गंज धरते. जोरात पिकअप घेताना झाली तर ॲक्सलचा आतला जॉइंट. बॅलन्सिंग करूनही हटली नाही, तर टायर उतरवतो. काही टायरांत आवाज दाबायला चिकटवलेला फोम असतो, तो सुटलेला सापडतो.

नुसत्या अलाइनमेंटनं थरथर जात नाही, हे मात्र उस्तादांच्या काळापासून गिऱ्हाइकांना समजावतोय.