डोंगराची एक अट

जमैकात अकाँपाँग नावाचं डोंगरी गाव आहे. भोवती चुनखडीच्या टेकड्या, मधे वाटीसारखे खोलगट खड्डे, दाट रान. ऊसमळ्यांतून पळालेल्या आफ्रिकी गुलामांना याच डोंगरांनी आसरा दिला. त्यांना म्हणत ‘मरून’. नाव मरून, धडपड मात्र जगण्याची! पाठलागावरची इंग्रज फौज या रानात हतबल व्हायची. अखेर १७३९ मध्ये इंग्रजांनी त्यांचा नायक कुजो याच्याशी तह केला, स्वातंत्र्य मान्य केलं. पण एक अट घातली: यापुढं पळून येणाऱ्या गुलामांना धरून परत द्यायचं. दरवर्षी ६ जानेवारीला गावात शिंग फुंकतात, ढोल घुमतात. तो अभिमान खराच. पण तहानंतर या डोंगराच्या भरवशावर धावत निघालेल्यांचं काय झालं असेल?