लेकरांची नावे : मातापित्यांचे पहिले देणे

धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखणी प्रथम इमारतीकडे वळते. पाया कोणी घातला, घंटा कोठून आणिली, वेदी केव्हा बांधिली, ह्या गोष्टी सांगण्याजोग्या आहेत खऱ्या. परंतु मंदिराच्या दगडांपेक्षाही जुना, आणि आमच्या मते अधिक मोलाचा, असा एक दस्तऐवज प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटात असतो. तो म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही. तीत पाने उलटीत जावे तों पिढ्यांमागून पिढ्या डोळ्यांपुढून जातात. आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी असते एक नाव. हे नाव कोणी निवडिले, का निवडिले, आणि ते निवडण्याचा अधिकार कोणाचा, हा विषय वरवर लहान दिसतो. पण त्यास मोठा इतिहास आहे. ह्या महोत्सवप्रसंगी आमच्या तरुण दांपत्यांपुढे तो मांडावा, असे आम्हांस वाटले.

पवित्र शास्त्रात नामकरणाच्या अनेक कथा आहेत आणि त्यांत पतिपत्नींची भिन्न मतेही आहेत. राहेल मरणाच्या दारी असता तिने आपल्या नवजात पुत्रास बेनोनी, म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', असे नाव दिले. याकोबाने ते पालटून बेन्यामीन, म्हणजे 'उजव्या हाताचा पुत्र', असे ठेविले. आईच्या वेदनेचे ओझे लेकराने जन्मभर नावात वाहू नये, असेच त्या बापास वाटले असावे. पुढे लूकलिखित शुभवर्तमानात जखऱ्या व एलिझाबेथ यांच्या घरी शेजारीपाजारी व सोयरे जमतात आणि बाळास बापाचेच नाव द्यावे असा आग्रह धरितात. एलिझाबेथ एकटी त्या सर्वांस नकार देते. मुका झालेला जखऱ्या पाटी मागवितो आणि तिने सांगितलेले योहान हेच नाव तीवर लिहितो. ज्या घरात पुरुष बोलू शकत नव्हता त्या घरात स्त्रीचा शब्द त्याने अक्षरांत उतरविला. योहान ह्याचा अर्थ 'परमेश्वर कृपाळू आहे'.

याहूनही ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट प्रभूच्या नावाची आहे. मत्तयाच्या वृत्तांतात दूत योसेफास सांगतो की बाळाचे नाव येशू ठेव. लूकाच्या वृत्तांतात तीच आज्ञा पवित्र मरियेस होते. दोन शुभवर्तमाने एकत्र वाचिली म्हणजे दिसते की ते नाव मातेस व पालक पित्यास, दोघांस, स्वतंत्रपणे सोपविले गेले होते. नाझरेथच्या कुटुंबात नामकरण हे एकाचे काम नव्हते.

पुढे ख्रिस्तसभेत संतांची नावे देण्याचा प्रघात पडला. तिसऱ्या शतकात आलेक्सांद्रियाचे महागुरु दियोनिसियस यांनी लिहून ठेविले आहे की श्रद्धावंतांच्या मुलांत पेत्र व पौल ही नावे पुष्कळ आढळतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत योहान क्रिसोस्तोम यांनी आपल्या काळच्या एका चालीचा निषेध केला. लोक अनेक दिवे लावीत, प्रत्येक दिव्यास एकेक नाव देत, आणि जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळे त्याचे नाव मुलास ठेवीत, म्हणजे मूल दीर्घायुषी होईल अशी समजूत. संतांचे म्हणणे असे की आयुष्य तेलवातीवर अवलंबून नाही. आजापणजाचे नाव केवळ रूढी म्हणून देण्यापेक्षा ज्याच्या सद्गुणांचे अनुकरण करावयाचे अशा पुण्यपुरुषाचे नाव द्यावे.

त्रेंत महासभेनंतर १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात संताचे नाव देण्याचा उपदेश आहे, आणि १६१४ च्या रोमी विधिग्रंथात अश्लील, हास्यास्पद व खोट्या दैवतांची नावे टाळण्याची सूचना आहे. त्याच सुमारास कोकणात व गोमंतकात पोर्तुगीज अमलाखाली बाप्तिस्मा घेणाऱ्यांस पोर्तुगीज नाव मिळे, आणि बहुधा धर्मपित्याचे आडनावही मिळे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या हाती होती. तेथील आडनावांत त्या काळाचे पडसाद अद्याप ऐकू येतात. ह्या काळात मराठी भाषा धर्मकार्यात अडखळली असे मात्र नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापिले गेले, आणि मराठी शब्द ख्रिस्ती आशय किती सहजतेने पेलतात हे त्याने सिद्ध केले. परंतु ओवी मराठी झाली तरी नोंदवहीतील नाव परदेशीच राहिले.

१९१७ च्या धर्मविधानसंहितेत ७६१ व्या कलमाने ह्या विषयाचा नियम घातला. धर्मगुरूने ख्रिस्ती नाव दिले जाईल अशी काळजी घ्यावी. आईबाप न मानतील तर त्यांनी ठरविलेल्या नावास एका संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे वहीत लिहावी. बाप्तिस्मा शक्य तितक्या लवकर व्हावा असाही नियम होता, त्यामुळे बाळंतीण आई बहुधा घरीच असे. जुन्या विधीत धर्मगुरु बाळासच प्रश्न विचारीत व त्याच्या वतीने धर्ममातापिता उत्तर देत. ज्या माउलीने नऊ मास गर्भ वाहिला तिच्या मुखातून ते नाव त्या घटकेस वेदीपाशी उच्चारले जात नसे.

आता आपल्या मराठी मुलुखाकडे पाहू. येथे बाराव्या दिवशी बारसे होते. पाळणा सजतो, आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. ही चाल गोड आहे. परंतु ह्याच मुलुखात दुसरीही एक चाल होती. ज्या घरी मुले दगावत त्या घरी पुढील मुलास दगडू, धोंडू, कचरू, केरू, भिकू अशी नावे ठेवीत, म्हणजे काळाची दृष्ट त्यावर पडू नये. हे भयाचे नामकरण होय. त्यातील आईबापांची माया आम्ही जाणतो. तथापि गावगाड्यात जे आधीच तुडविले जात होते त्यांच्या वाट्यास अशी नावे आली म्हणजे ती ढाल न राहता डाग होत, हेही विसरता येत नाही.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. प्रभूने शिमोनास केफा असे नाव दिले. त्याचेच ग्रीक रूप पेत्र. त्याचा अर्थ काय? खडक, दगड. म्हणजे शब्दार्थाने पाहता पेत्र आणि दगडू ही एकाच अर्थाची नावे आहेत. पण एक भयाने ठेविले, दुसरे विश्वासाने. एकाचा भाव असा की ह्यास कोणी मोलाचा समजू नये. दुसऱ्याचा भाव असा की ह्यावर काही उभारावयाचे आहे. नावाचा अर्थ केवळ कोशात नसतो; देणाऱ्याच्या मनात असतो.

भयापेक्षाही वाईट असते ते नकाराचे नाव. मुलगा हवा असता मुलगी झाली म्हणून तिला नकोशी म्हणणारी घरे आपल्या महाराष्ट्रात होती. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी अशा २८५ मुलींस समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ज्या मुलीस दररोज हाक मारतानाच सांगितले जाते की तू आम्हांस नको होतीस, तिच्या अंतःकरणावर काय कोरले जात असेल! नामकरण हा केवळ हौसेचा विषय नव्हे, हे सिद्ध करण्यास ह्याहून दुसरा पुरावा नको.

आमचे नळदुर्ग तर नावांच्या इतिहासाने भरलेले आहे. लोककथा म्हणते की नळराजावरून ह्यास हे नाव पडले. आणि नळ म्हटला की दमयंती आलीच. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर किल्ल्यास लागून धरण बांधिले गेले. पावसाळ्यात त्यावरून दोन धारा कोसळतात. एकीस लोक नर म्हणतात, दुसरीस मादी. दोन्ही मिळूनच ती शोभा. ह्या मुलुखाचा जिल्हा एके काळी नळदुर्गाच्याच नावाने ओळखला जाई. १८५३ च्या तहान्वये तो निझामाकडून इंग्रजांकडे गेला, १८६० मध्ये परत आला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये धाराशिव हे नाव सरकारी कागदावर आले. परंतु मधल्या काळातही कित्येकांच्या ओठी धाराशिव हेच होते. ह्यावरून बोध हाच की जे नाव प्रेमाने हाकेत राहते ते टिकते.

इंग्रजांच्या त्या काळात कर्नल मेडोज टेलर हे १८५३ ते १८५७ पर्यंत येथे कारभार पाहत होते. पुढे १८६३ मध्ये त्यांनी कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरची कन्या, नाव तारा. कवि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांच्या कन्येचे नावही ताराच होते. आणि आम्ही कॅथलिक जन पवित्र मरियेस समुद्रतारा ह्या बिरुदाने शतकानुशतके हाक मारीत आलो आहो. तेव्हा तारा हे नाव आपल्या मातीचे की आपल्या श्रद्धेचे? आम्ही म्हणतो, दोहोंचे.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांचे उदाहरण आम्हांसही घेण्याजोगे आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नारायण हे नाव टाकिले नाही. त्यांच्या पुत्राचे नाव देवदत्त, म्हणजे देवाने दिलेला. आणि मत्तय ह्या इब्री नावाचा अर्थ तोच, थेओडोर ह्या ग्रीक नावाचाही तोच. लूसी म्हणजे प्रभा, इरीन म्हणजे शांती, मार्गारेट म्हणजे मोती, व्हिन्सेंट म्हणजे विजयी, सोफिया म्हणजे प्रज्ञा. संतांच्या नावांस मराठी कवच चढविता येते, इतके ते जवळचे आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे नाव मेरी रमा झाले; एकाने दुसऱ्यास हाकलिले नाही. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मात्र मनकर्णिका होते; लग्नात ते गेले, जसे आपल्याकडील असंख्य स्त्रियांचे जाई. ज्या स्त्रीचे स्वतःचे नाव दुसऱ्यांनी पालटिले तिला आपल्या लेकराचे नाव ठेवण्यात काय वाटत असेल, ह्याचा विचार पतीने अवश्य करावा.

परदेशी नावास आम्ही कमी लेखीत नाही. असिसीच्या संताचे उदाहरण घ्या. पिता व्यापारासाठी परगावी असता बाळाचा बाप्तिस्मा योहान ह्या नावाने झाला. परत आल्यावर पित्याने त्यास फ्रान्सिस म्हटले. त्याचा अर्थ केवळ 'फ्रेंच'! त्या नावात पुण्य नव्हते. त्या पुरुषाने ते भरिले. पुढे त्याच नावाचे संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास उतरले. आणि आमच्याच जिल्ह्यात, धाराशिव येथे, जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान 'सुबोध बायबल'चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. नाव लॅटिन, आडनाव पोर्तुगीज, आणि वाणी अस्सल मराठी! २०२४ मध्ये ते प्रभूकडे गेले.

दरम्यान ख्रिस्तसभेनेही मार्ग मोकळा केला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर १९६९ मध्ये बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधी नव्याने रचिला गेला. त्यात धर्मगुरु आरंभीच मातापित्यांस विचारतात की ह्या बाळास कोणते नाव देता. आणि उत्तर तेच देतात. १९८३ च्या संहितेचे ८५५ वे कलम संताच्याच नावाचा आग्रह धरीत नाही. ख्रिस्ती भावनेस परके असे नाव देऊ नये, एवढी काळजी मातापिता, धर्ममातापिता व धर्मगुरु यांनी घ्यावी असे ते सांगते. राज्याचा कायदाही त्याच दिशेने आला. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या सरकारी नोंदींत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव असा क्रम आहे.

जो अधिकार पूर्वी रूढीकडे, सोयऱ्यांकडे वा इतरांकडे होता तो आता दांपत्याच्या ओंजळीत आला आहे. अधिकाराबरोबर कर्तव्यही आले. म्हणून आमची तरुण मातापित्यांस विनंती अशी : बाळ येण्यापूर्वीच दोघांनी मिळून विचार करावा, प्रार्थना करावी. आजीआजोबांस विचारावे, आत्याचा मान राखावा. पण निर्णय दोघांचा असावा, आणि एकाचे मन मोडून दुसऱ्याने तो करू नये. केवळ कानास गोड लागते म्हणून अर्थ न जाणता नाव ठेवू नये. संताचे नाव असेल तर त्याचे चरित्र स्वतः वाचावे, आणि मूल विचारू लागेल तेव्हा त्यास सांगावे. मराठी नाव असेल तर त्यास जोडून एक संत पाठीराखा निवडावा. मुलीच्या नावास मुलाच्या नावाइतकाच वेळ द्यावा. आणि ठरविलेले नाव धर्मग्रामाच्या वहीत व सरकारी दाखल्यात एकसारखेच लिहिले आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. एका अक्षराच्या फरकाने पुढे लेकरास खेटे घालावे लागतात.

घर, शेत, दागिना हे सर्व आपण मुलांस मागाहून देतो; कित्येकांस ते देणे घडतही नाही. नाव मात्र अत्यंत गरीब दांपत्यासही देता येते, आणि तेच मुलास सर्वांत आधी मिळते. आमच्या नोंदवहीची जी पाने अद्याप कोरी आहेत त्यांवर आशेने व ऐक्याने निवडिलेली नावे लिहिली जावोत, हीच ह्या शुभप्रसंगी प्रभुचरणी प्रार्थना.